"जरा घरी लक्ष द्या" म्हणजे नक्की काय करायचं?

पालकसभेचा दिवस. वर्गाबाहेरच्या बाकांवर पालक नंबराची वाट बघत बसलेत. आत प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं. बाई वही उघडतात, दोन पानं उलटतात आणि म्हणतात, "हुशार आहे हो, पण चुका फार करतो. जरा घरी लक्ष द्या." आई मान डोलावते. "हो बाई, देते." आई उठते, पुढचा नंबर आत जातो.

दोघीही मनापासून बोलल्या. फक्त लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे बाईंनी सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. मग घरी जाऊन आईला जे सुचतं ते ती करते. गृहपाठाला शेजारी बसते, क्लास लावते, मोबाइल काढून घेते, आवाज चढवते. यातलं काही लागू पडतं, काही चक्क उलटं पडतं. कशानं काय होतं, यावर जगभर साठ वर्षांहून जास्त काळ अभ्यास चालू आहे. पालकांसाठीचे कार्यक्रम, गृहभेटी, शाळेकडून येणारे मेसेज या सगळ्यामागे तोच अभ्यास आहे.

मराठीत या विषयाची अर्धी उकल भाषेतच सापडते. 'लक्ष ठेवणं' आणि 'लक्ष देणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामानावर आपण लक्ष ठेवतो, बोलणाऱ्या माणसाकडे लक्ष देतो. शाळा म्हणते 'द्या', आणि आपण बरेच जण घरी जाऊन 'ठेवायला' लागतो.

घराचा वाटा

१९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक मोठा सरकारी अहवाल आला. सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती त्यासाठी गोळा केली होती. अपेक्षा अशी, की ज्या शाळांत सोयी कमी तिथली मुलं मागे असणार. निघालं वेगळंच. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या इमारतीपेक्षा, प्रयोगशाळेपेक्षा आणि शाळेवरच्या खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळत होता.

त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण एक सोयीस्कर अर्थ लोकांच्या मनात बसला तो बसलाच: घरचंच तसं असेल तर शाळा काय करणार? इथे 'घरची परिस्थिती' या एका शब्दात दोन गोष्टींची गल्लत होते. घरात काय *आहे* ही एक: उत्पन्न, जागा, आईवडिलांचं शिक्षण. घरात काय *होतं* ही दुसरी: कोण कुणाशी कसं बोलतं, मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळतं की दटावणी. पहिली गोष्ट एका वर्षात बदलत नाही. दुसरी बदलते का?

१९८६मध्ये जमैकातल्या किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासायला घेतलं. त्यांनी १२९ मुलं निवडली. वय ९ ते २४ महिने, सगळी गरीब वस्त्यांतली, वयाच्या मानानं उंची खुंटलेली. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधाचा पूरक आहार, दुसऱ्याकडे घरी जाऊन खेळ, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं.

घरी येणारी बाई कुणी तज्ज्ञ नव्हती. ती वस्तीत काम करणारी आरोग्यसेविका होती, तिला थोडं प्रशिक्षण दिलेलं. आठवड्यातून एकदा, तासभर यायची. सोबत साध्या, घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी. खेळणी आठवडाभर त्या घरातच राहायची, पुढच्या खेपेला ती नेऊन दुसरी द्यायची. गोम अशी, की ती बाळाशी खेळायला आलेलीच नसायची, आईला खेळतं करायला आलेली असायची. एकदा करून दाखवायचं, मग वस्तू आईच्या हातात द्यायची. बाळानं प्रतिसाद दिला, की ते श्रेय आईच्या पदरात टाकायचं.

वीस वर्षांनी संशोधकांनी या मुलांना पुन्हा गाठलं. १२९पैकी १०५ जण सापडले, ते आता तरुण कमावते झाले होते. ज्यांच्या घरी खेळ गेला होता त्यांची कमाई, न गेलेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. लहानपणी उंची न खुंटलेल्या मुलांचा एक गट तुलनेसाठी होता, त्याच्याही बरोबरीला ही मुलं आली होती. नुसत्या पूरक आहाराचा इतका दूरवरचा परिणाम दिसला नाही. (आहार दुय्यम, असा याचा अर्थ नव्हे. पोट भरलेलं असणं ही पहिलीच गरज.)

आठवड्याचे तास १६८. आरोग्यसेविकेच्या वाट्याला त्यातला एक. तो एक तास उरलेल्या १६७ तासांमध्ये किती झिरपतो, यावर सगळा खेळ होता. पालकांसाठीचा कुठलाही कार्यक्रम मी आता याच मापानं बघते. सभागृहात काय झालं, किती जण आले, फोटो किती चांगले निघाले, हे मुलाला कळत नाही. मुलाला कळतं ते एवढंच, की आज संध्याकाळी आई वेगळी वागली की नाही.

आई स्वतः शिकलेली नसेल तर? बिहार आणि राजस्थानमधल्या खेड्यांत यावर एक अभ्यास झाला, तो २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. काही वस्त्यांत आयांसाठी साक्षरतेचे वर्ग घेतले, काही ठिकाणी मुलांसोबत घरी करायच्या छोट्या गोष्टी शिकवल्या, काही ठिकाणी दोन्ही केलं. मुलांच्या गणितात वाढ झाली. लहानशी, पण मोजता येईल एवढी खरी. आया स्वतःही शिकल्या, मुलांच्या अभ्यासात जास्त डोकावू लागल्या. चमत्कार झाला नाही. पण अक्षरओळख नसलेली आई मुलाच्या शिकण्यात काही भर घालू शकत नाही, हा समज निदान मोडला.

गप्पा, आणि त्यांतल्या खेपा

१९९५मध्ये ४२ अमेरिकी कुटुंबांच्या अभ्यासातून एक आकडा बाहेर पडला आणि जगभर फिरला: सुखवस्तू घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत गरीब घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द जास्त ऐकतं. आकडा गाजला, तशी टीकाही झाली. कुटुंबं फारच थोडी होती, आणि नंतरच्या अभ्यासांत एवढी मोठी दरी दिसली नाही. पण तोवर काही पालकांनी मुलांवर शब्दांचा मारा सुरू केलेला होता.

२०१८मधल्या एका अभ्यासानं या चर्चेला चांगलं वळण दिलं. चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, आणि गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूत काय चालतं तेही पाहिलं. भाषेशी संबंधित भागातल्या हालचालीशी जुळलं ते शब्दांचं एकूण प्रमाण नव्हतं, संवादाच्या खेपा होत्या. मूल बोललं, मोठं माणूस बोललं, परत मूल बोललं. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि हे घरच्या उत्पन्नाचा हिशेब बाजूला काढल्यावरही दिसत होतं.

याचीच एक साधी रीत पुस्तक वाचताना वापरता येते. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ती १९८८मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांवर तपासली. दोन्ही गटांतले पालक आधीपासून मुलांना पुस्तकं वाचून दाखवणारे होते. एका गटाला फक्त वाचण्याची पद्धत बदलायला सांगितली. महिन्याभरात त्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेली. पद्धत अशी:

"हा कोण?"
"कुत्ला."
"हो, कुत्रा. काय करतोय?"
"पलतोय."
"ओला झालेला कुत्रा पळतोय. का बरं पळत असेल?"
"आईकले."

मूल एक शब्द टाकतं, आपण त्यात एक-दोन शब्द घालून परत करतो आणि पुढचा प्रश्न उघडा ठेवतो. 'कुत्ला' चुकीचं आहे असं कुणी सांगितलेलं नाही, योग्य उच्चार नुसता परत आला. पुस्तक त्या दिवशी संपलं नाही तरी चालतं. पुस्तक हातात नसेल तर मोजे जोडीनं लावताना, जिना चढताना हेच होतं. आणि आपल्याला ज्या भाषेत लाजत-अडखळत बोलावं लागत नाही, त्याच भाषेत हे करावं. मुलाशी बोलण्यासाठी परकी भाषा ओढूनताणून आणली, की पहिल्यांदा कमी होतात त्या याच खेपा.

गृहपाठाची वही

इथे थोडं स्वतःबद्दल. मुलगी दुसरीत होती, हातच्याची वजाबाकी चालू होती. मी शेजारी, हातात रबर. तिनं उत्तर लिहिलं की मी खोडायची. "अगं, हातचा घेतलास ना? मग इथला एक कमी नको का करायला?" तिनं परत लिहिलं, मी परत खोडलं. "आत्ताच तर सांगितलं!" चौथ्या खेपेला कागदाला भोक पडलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मी उत्तरं सांगितली, तिनं लिहिली. दुसऱ्या दिवशी वहीवर लाल शाईत शेरा: 'छान!' तो शेरा मला मिळाला होता. हातचा तिला येत नाही, हे बाईंना पुढे बरेच दिवस कळलंच नाही.

२०१५मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास वाचताना मला ती भोकाची वही आठवली. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे गृहपाठात वरचेवर मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्यात गणिताची भीतीही जास्त दिसली. तशीच धास्ती असूनही जे फारशी मदत करत नव्हते, त्यांच्या मुलांत हे दिसलं नाही. मोठ्या मुलांचीही गोष्ट फार वेगळी नाही. पाचवी ते आठवीच्या आसपासच्या मुलांवरचे ५० अभ्यास २००९मध्ये एकत्र तपासले गेले. पालकांचा सहभाग एकूण फायद्याचाच निघाला, अपवाद एकच: गृहपाठात मदत.

या निष्कर्षात एक मेख आहे, ती सांगायला हवी. जे मूल आधीच अडखळतं त्यालाच मदत जास्त मिळते, त्यामुळे नुसते आकडे जुळवले तर मदत वाईट दिसणारच. म्हणून मूल 'हे समजत नाही' म्हणून आलं तर पाठ फिरवायची नाही. रबर तेवढं त्याच्याच हातात राहू द्यायचं. ठरलेली वेळ, शांत जागा आणि "हे कसं केलंस, मला सांग बघू" एवढा एक प्रश्न. समजावून सांगता सांगता मूल पुष्कळदा स्वतःच थांबतं: "थांब थांब, चुकलं." नाही सापडली चूक, तर ती तशीच वहीत जाऊ द्यावी. चुकलेलं उत्तर म्हणजे शिक्षकांना पाठवलेलं पत्र असतं. मी ते वाटेतच खोडून टाकत होते.

रडणं, ओरडणं आणि त्यातून होणारं शिक्षण

घरातली शांतता हा अभ्यासापेक्षा वेगळा विषय वाटतो, पण मुलाच्या डोक्यात तसे कप्पे नसतात. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जेरल्ड पॅटरसन यांनी अनेक वर्षं कुटुंबांचं घरी जाऊन बारकाईनं निरीक्षण केलं. त्यांना एक चक्र वारंवार दिसलं. आपल्याकडचंच उदाहरण घेऊ.

"मोबाइल ठेव आता." "पाच मिनिटं, बाबा." "ठेव म्हटलं ना!" मूल रडायला लागतं, रडं वाढतं. बाबा दिवसभर दमलेले. "बरं घे, पाचच मिनिटं!" रडणं थांबतं. मूल काय शिकलं? जोरात रडलं की मिळतं. बाबा काय शिकले? दिलं की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी बाबा ठाम राहायचं ठरवतात आणि खेकसतात. मूल दचकून गप्प होतं. आता बाबा शिकले, की खेकसलं की काम होतं. दोघंही एकमेकांना आवाज चढवण्याचं शिक्षण देत राहतात, आणि यात कुणीच वाईट माणूस नसतो.

हे चक्र तोडायला शिकवणारे कार्यक्रम बरेच आहेत आणि त्यांच्यावरचा पुरावाही चांगला आहे. २००८मध्ये ७७ अभ्यास एकत्र करून असं पाहिलं, की चांगल्या कार्यक्रमांत नेमकं काय असतं. मुलाशी चांगले क्षण वाढवणं, भावनांबद्दल बोलता येणं, एकदा सांगितलेलं न बदलणं या गोष्टी यादीत होत्याच. मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच: सत्र चालू असताना पालकांनी स्वतःच्या मुलासोबत ते करून बघणं. जिथे हे होतं तिथे परिणाम मोठा असतो. आपल्याकडे पालकांसाठी कार्यक्रम म्हटलं, की व्यासपीठ, पाहुणे आणि दीड तासाचं भाषण. काठावर बसून पोहण्याबद्दल ऐकल्यासारखं. ऐकताना सगळं पटतं, पाण्यात पडल्यावर एकही आठवत नाही.

नेमकी माहिती

प्रत्येक वेळी गृहभेटीइतका मोठा घाट घालावाच लागतो असं नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात २८ हजारांहून जास्त घरांवर एक प्रयोग झाला, तो २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा पाया एकच निरीक्षण: मुलाच्या गैरहजेरीचा पालकांचा अंदाज खऱ्यापेक्षा बराच कमी असतो. एक दिवस ताप, एक दिवस लग्न, एक दिवस कंटाळा. बेरीज कुणी ठेवत नाही. शाळेनं वर्षात काही वेळा साधं पत्र पाठवलं, त्यात तुमच्या मुलाचे एकूण इतके दिवस बुडाले एवढंच. सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त घटलं. 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर चार ओळीही लिहाव्या लागल्या नाहीत.

२०२०मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आफ्रिकेतल्या बोट्स्वानात साधारण साडेचार हजार कुटुंबांवर फोनचा प्रयोग झाला. काहींना आठवड्याला गणिताचा एसएमएस, काहींना एसएमएस आणि वर शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन, पालक आणि मूल दोघांशी मिळून. नुसत्या एसएमएसनं फारसं काही झालं नाही. फोन आला तिथे मुलांचं गणित सुधारलं, आणि आपल्या मुलाला नक्की किती येतं याचा पालकांचा अंदाजही जास्त अचूक झाला. पालकांच्या ग्रुपवर रोज पडणाऱ्या चाळीस मेसेजेसना यात उत्तर आहे. एका मुलाबद्दलची एक नेमकी गोष्ट आणि पलीकडे एक माणूस, हे त्या चाळिसांना भारी पडतं.

न येणारे पालक

"ज्यांनी यायला हवं तेच येत नाहीत," हे शिक्षकांकडून हमखास ऐकू येणारं वाक्य. न येणं म्हणजे बेफिकिरी, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. कॅथलीन हूवर-डेम्प्सी आणि हॉवर्ड सँडलर यांनी नव्वदच्या दशकात या प्रश्नाची नीट फोड केली. पालक पुढे येतो की नाही, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. हे माझं काम आहे असं त्याला वाटतं का? मी केलं तर फरक पडेल असं वाटतं का? आणि शाळेला, मुलाला मी यायला हवा आहे असं वाटतं का? याच्या जोडीला रोजचे अडथळे: कामाची पाळी, घरी धाकटं मूल, भाषा. ज्याला शाळेतून फोन येतो तो फक्त तक्रारीचाच, किंवा ज्यानं स्वतः त्याच वर्गात ओणवं उभं राहून वर्षं काढली, तो शाळेच्या फाटकातून आनंदानं कसा आत येईल?

१९९८मध्ये अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोमध्ये एका साध्या पद्धतीची सुरुवात झाली. शिक्षकच दोघं मिळून मुलाच्या घरी जातात. आधी विचारून, पालकांच्या सोयीनं. फक्त वाईट कामगिरीच्या मुलांकडे नाही, म्हणजे गृहभेट ही शिक्षा वाटत नाही. पहिल्या भेटीत वही निघत नाही, प्रगतिपुस्तक निघत नाही. विचारायचं ते हे, की तुमच्या मुलाबद्दल तुमची स्वप्नं काय आहेत. पालकसभेतल्या त्या चार मिनिटांत ज्याला जागाच नसते, तो प्रश्न इथे पहिला येतो.

मोठी होणारी मुलं

वर सांगितलेल्या ५० अभ्यासांत सर्वांत जास्त उपयोगी ठरलेली गोष्ट वहीत दिसणारी नव्हतीच. मुलाकडून काय अपेक्षा आहेत हे मोकळेपणानं सांगणं, शिकण्याचा पुढच्या आयुष्याशी काय संबंध आहे यावर बोलणं, त्याच्या आवडींना अभ्यासाशी जोडून देणं. थोडक्यात, भाषण न देता गप्पा.

आणि लक्ष ठेवण्याचं काय? मूल कुठे जातं, कुणाबरोबर असतं हे ज्या पालकांना माहीत असतं त्यांची मुलं कमी भरकटतात, हे जुनं निरीक्षण. त्यावरून सल्ला निघाला, की पाळत वाढवा. २०००मध्ये स्वीडनमधले हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी एक साधा प्रश्न विचारला: या पालकांना ते कळतं कसं? चौदा वर्षांच्या ७०३ मुलांच्या माहितीतून दिसलं, की पालकांना जे माहीत असतं ते बहुतेक मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. चौकशी आणि पाळत यांतून मिळणारी माहिती त्यामानानं थोडी.

आपणहून सांगण्याची मात्र ठरलेली वेळ नसते. "आज शाळेत काय झालं?" या प्रश्नाला "काही नाही" हेच उत्तर येतं. मग रात्री अकराला, दिवा मालवल्यावर, दारात सावली उभी राहते. "आई, जागी आहेस?" आपण दमलेले असतो, सकाळी लवकर उठायचं असतं, हातात फोन उजळलेला असतो. तो उपडा ठेवायचा आणि जरा बाजूला सरकून जागा करायची. "बस. काय रे?"